झिपरूच्या नावाची मूठ

माझी जेठाणी गजराबाई कशी आहे, हे गावात कुणालाही विचारा. तो आधी हसेल, मग इकडेतिकडे बघेल आणि मगच तोंड उघडेल. ती जवळपास नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. आता तिचे केस पिकलेत, पुढचे दात गेलेत, पण जीभ आहे तशीच शाबूत आहे. मी धनुबाई, तिची देराणी, म्हणजे धाकटी जाऊ. माझा सगळा जन्म तिच्या हाताखाली गेला, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा. भांडकुदळ आहे का? आहे. हट्टी आहे का? ते तर विचारूच नका, बैल एकवेळ मागे फिरेल. पण ती तशी नसती तर आमच्या गावच्या दवाखान्याला केव्हाच कुलूप लागलं असतं, हेही खरं. ते कसं झालं ते सांगते.

जर्मनची लढाई संपत आली होती त्या साली पावसानं दगा दिला. ज्वारी कंबरेलाही लागली नाही. त्यात नवरात्रात मानमोडी आली, दुष्काळात तेरावा महिना. तापच तो, पण असा ताप आमच्या बापजाद्यांनी पाहिला नव्हता. सकाळी डोकं दुखतं म्हणणारा धडधाकट गडी दोन दिवसांत मान टाकायचा, म्हणून नाव मानमोडी. घरंच्या घरं आडवी झाली. गोठ्यात गुरं हंबरायची आणि त्यांना सोडायला माणूस नसायचा. जाळायला लाकूड उरलं नाही, खांद्याला माणसं उरली नाहीत, तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला खड्डे खणून लोकांनी आपली माणसं पुरली.

दवाखाना गावाबाहेर, दोन खोल्या आणि एक पडवी एवढाच. डॉक्टर पुण्याकडचे, तरणेताठे. ते पहिल्याच आठवड्यात गेले. मागे राहिला पितांबर कंपाउंडर, शिरपूरकडचा, बारीक अंगाचा आणि सदा कुरकुरणारा. आणि राहिली फुलीबाई. ती काही सरकारी माणूस नव्हती. धडगावच्या वरच्या डोंगरातली बाई, पाऊस नाही म्हणून नवऱ्याबरोबर आमच्याकडे कापूस वेचायला उतरली होती. नवऱ्याला ताप भरला, तिनं त्याला पाठीवर घालून दवाखान्यात आणला आणि तो तिथेच गेला. ती मात्र परत गेली नाही. शेजारच्या चटईवरचा माणूस पाणी मागत होता, त्याला तिनं पाणी दिलं. मग त्याच्या शेजारच्याला. पितांबर तिला जा म्हणाला नाही आणि तिनंही राहू का म्हणून विचारलं नाही.

माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, आणि जेठाणी दोघंही त्याच पडवीत पडले होते. मी घरी तापात, माझे मालक तापात, कोण कुणाला बघणार? जेठ पहाटे गेले. भाऊबंदांना निरोप गेला. आमची भाऊबंदकी काही लहान नाही, हाक मारली तर अंगण भरावं एवढी आहे. पण कुणी आजारी होतं आणि जे आजारी नव्हते ते दार लावून बसले होते. एक माणूस आला नाही. शेवटी पितांबरनं पायाकडून धरलं, फुलीबाईनं डोक्याकडून, आणि दोघांनी त्यांना नदीवर नेऊन मूठमाती दिली. जेठाणीला उठवत नव्हतं. तिनं पडल्या पडल्या दारातून ते पाहिलं. ती रडली नाही. रडायला अंगात पाणी लागतं, ते नव्हतं, असं ती सांगते. मला वाटतं ती फार संतापली होती.

पुढे ताप ओसरला, माणसं उठली, बाजार भरायला लागले. आता कुणालाही वाटेल की गावानं त्या दोघांना डोक्यावर घेतलं असेल. डोक्यावर कसलं घेतात, गरज सरो वैद्य मरो. लोक म्हणायला लागले, मेलेल्यांना हात लावलाय दोघांनी, मानमोडी त्यांच्या अंगात बसलीय. पितांबर निदान पुरुषमाणूस, सरकारी टोपीवाला, त्याला लांबून का होईना रामराम मिळायचा. फुलीबाईला तेही नाही. ती विहिरीवर आली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. वाणी मीठ देताना कागद ओट्यावर ठेवून मागे सरकायचा. ज्या माणसाच्या तोंडात तिनं पाणी घातलं, तो माणूस रस्त्यात तिला बघून वाट बदलायचा. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी हे, आणि अजून अंगाचा तिळपापड होतो.

जेठाणी उठून चालायला लागली तशी रोज एक घागर दवाखान्यात नेऊन द्यायला लागली. मी म्हटलं, बाई, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "लोकसले म्हनू दे, त्यासना तोंडले काय झाकन शे?" मग मीही एक घागर उचलली. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा पाणी वाहणं सोपं.

आषाढ सरता सरता गावाला उपरती झाली. मामलेदार येऊन गेले होते, त्यांनी विचारलं होतं की दवाखान्याच्या माणसांचा गावानं काही मान केला का. झालं, चावडीपुढे सत्कार ठरला. सतरंजी घातली, पितांबरला फेटा बांधला, हातात नारळ दिला. फुलीबाईला बोलावलं होतं, पण तिला सतरंजीच्या पलीकडे, लिंबाखाली उभी केली. तिचा नारळ घेऊन एक शहाणा पुढे गेला, चार पावलं जाऊन थबकला आणि त्यानं तो नारळ जमिनीवरून तिच्याकडे गडगडत सोडला. नारळ तिच्या पायाशी जाऊन थांबला. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडे बघितलं, आणि नारळ तिथेच टाकून ती चालती झाली.

दुसऱ्या दिवशी पितांबर आमच्या दारात उभा. "फुलीबाई वर निघाली," म्हणाला. "येत्या सोमवारी म्हसावदच्या बाजाराहून डोंगराकडे गाड्या जातात, त्यांच्याबरोबर जाते म्हणते. ती गेली तर मी एकटा काय करू? औषध मी देईन हो, पण रोग्याला उचलायचं कुणी, पुसायचं कुणी? मीही बदली मागतो. मग लावा कुलूप."

जेठाणीचा चेहरा उतरला. मी तिला घाबरलेली क्वचित पाहिलीय, त्या दिवशी पाहिली. थंडीत मानमोडी पुन्हा एकदा डोकावून गेली होती. दिवाळीला परत येईल, असं जो तो म्हणत होता. तिचा एकुलता पोरगा होता, माझी दोन होती. ती मला म्हणाली, "धनू, ह्या दोन्ही गयात आन ताप परत उना, तं आपला पोरेसना तोंडमा पानी कोन घाली? भाऊबंद?" 

तिनं पेटीतलं तिचं हिरवं लुगडं काढलं. नवरा गेल्यावर ते नेसायचं नव्हतंच. ते घेऊन आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. फुलीबाई पडवी झाडत होती, बोचकं बांधून कोपऱ्यात ठेवलेलं. तिनं लुगड्याला हात लावला नाही.

"लुगडं नको माले, बाई," ती म्हणाली. आमची भाषा ती थांबून थांबून बोलायची. "तुम्ही समदा देतस. पन दूरथाईन देतस."

लांबून देता, असं म्हणत होती ती. जेठाणीनं लुगडं परत काखेत घेतलं. ती एवढंच म्हणाली, "सोमवारलोंग थांब. आदितवारे आमनी कानबाई शे." सोमवारपर्यंत फुलीबाई तशीही थांबणारच होती, तिनं मान हलवली.

आता कानबाईचं थोडं सांगायला हवं. आमच्याकडे श्रावणात ही देवी बसते. तिच्यासाठी पुरणाचा जो स्वैपाक होतो त्याला रोट म्हणतात, आणि रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. एका कुळाची, एका सुतकाची माणसं. लेक सासरी गेली की तिला रोट नाही, मग जावयाचं तर नावच नको. गहूसुद्धा मोजूनमापून. भाऊबंदांतला सगळ्यांत वडीलधारा माणूस एकेका पुरुषाचं नाव घेतो आणि त्याच्या नावानं सुपात सव्वा मूठ गहू टाकतो. मूठ पडली की पडली. देवीचं धान्य माघारी उचलत नाहीत. आणि ज्याच्या नावाची मूठ, त्यानं पंगतीत बसून रोट खायचा, नाहीतर कुळाला खोट लागते.

आमच्यात हा मान दोधू आबांचा. आमचे चुलत सासरे, सत्तरीचे, करारी. कानबाईही त्यांच्याच घरी बसायची. शनिवारी सकाळी सगळे जमलो. पुरुष आत सुपाभोवती, आम्ही सुना भिंतीला. जेठाणी दाराबाहेर. विधवा झाल्यापासून तिला देवीच्या धान्याजवळ जागा नव्हती.

आबा नावं घ्यायला लागले. त्या वर्षी किती नावं गाळायची होती. आबा एकेक नाव मनात गाळत होते, दिसत होतं ते, मध्येच थांबायचे, पुढचं नाव घ्यायचे. पण वर्षानुवर्षांची सवय. माझ्या मालकांच्या नावाआधी नेहमी त्यांच्या थोरल्या भावाचं नाव यायचं. आबांच्या तोंडून ते गेलंच. "झिपरू," ते म्हणाले, आणि मूठ सुपात पडली.

झिपरू म्हणजे माझे जेठ. आबांनी लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलेला पुतण्या.  आबांचा हात सुपावर तसाच राहिला. मेलेल्या माणसाच्या नावाची मूठ आमच्या कुळात कधी पडली नव्हती. ती काढता येईना आणि ठेवता येईना. एकजण पुटपुटला, गाईला घालू. दुसरा म्हणाला, रोट गाईला घालतात कुठे?

तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला. "धनू, आबासले सांग."

आमच्यात सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, सासरा चुलत का असेना. मध्ये कुणीतरी लागतं, आणि जेठाणीला मध्ये नेहमी मीच लागायचे. आता मीही त्यांची सूनच की, मला तरी कुठे बोलता यायचं? मी नुसती पदर ओढून उभी राहायचे, ती मला सांगायची, आबा मला उत्तर द्यायचे, आणि ज्याला ऐकायचं त्याला ऐकू जायचं.

"आबासले सांग," ती म्हणाली, "का मूठ वाया जावाव नही. जिनी मन्हा मालकले मूठमाती दिन्ही, तिन्ही ही मूठ."

आबांनी माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मला वाटलं, मीच काही बोलले. "हाई येडी व्हयनी का?" ते मला म्हणाले. "ती ना आपली जातनी, ना गोतनी. आन बाईमानूसनी मूठ कवय पडनी का?"

"धनू, आबासले इचार. खांदा देवानी येळे जात कोठे व्हती आन गोत कोठे व्हतं?"

"तिले सांग, तवय समदा गाव आडवा व्हता."

"आबासले सांग, तीबी मानूसच व्हती. तिन्हा नवरा मरेल व्हता. तरीबी ती उभी ऱ्हायनी."

बाकीचे कलकलाट करायला लागले. एका भाऊबंदानं सांगून टाकलं की ती बाई पंगतीला बसली तर तो उठणार. जेठाणीनं त्यालाही उत्तर दिलं, त्याच्याशी थेट बोलता येत होतं तिला, तो दीर लागायचा. "उठजो," ती म्हणाली. "तवयबी तू उठना नव्हता, आते तरी उठ." त्याची मान खाली गेली.  आबा हो-नाही न म्हणता पुढची नावं घ्यायला लागले आणि मूठ सुपात राहिली.

जेठाणीला तेवढं पुरे होतं. ती तशीच दवाखान्यात गेली, मी मागोमाग. फुलीबाईला तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कोण उठणार आहे तेही सांगितलं. "तू म्हने, दूरथाईन नको. मंग जोडे ये, जवळ बस. पन सोपं नही, मी खोटं बोलावनी नही."

फुलीबाई पितांबरकडे बघायला लागली. पितांबरनं हात झटकले. "मला विचारू नको, माझे रोट शिरपूरला आमच्या घरी आहेत," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "जा बाई. मी बघतो इथलं."

रविवारी कानबाई बसली. गाणी झाली, फुगड्या झाल्या, आणि पंगत मांडली. मानानं बसायचं असतं, ज्याच्या त्याच्या नावाच्या जागी. झिपरूची जागा आबांपासून चौथी. फुलीबाई दारातून आत आली तेव्हा तिनं अंगावरचं फाटकं लुगडं धुऊन नेसलं होतं, केस चापून बांधले होते. मी पुढे होऊन तिला जागा दाखवली. ती बसली. तिच्या शेजारचा उठला. त्याच्या पलीकडचाही उठला. उरलेले बसून राहिले, पण माना अशा खाली घातल्या होत्या की जणू पत्रावळीत काही सांडलंय.

वाढणारी सून पुढे सरकत आली. एकेकाला रोट वाढला, फुलीबाईपाशी आली, तिचा हात अडखळला आणि ती पुढच्याकडे गेली. फुलीबाईची पत्रावळ कोरी. दाराबाहेर जेठाणी उभी होती. तिच्या हाताच्या मुठी वळलेल्या मला दिसत होत्या. तिला आत येता येत नव्हतं, नाहीतर तिनं त्या पोरीच्या हातातलं भांडं हिसकावलं असतं.

पंगत सुरू व्हायची तर आधी वडिलांनी घास घ्यायचा. आबा घास घेईनात. ते वाकून पंगतीतून फुलीबाईकडे बघत होते. मग त्यांनी तिला विचारलं, मध्ये कुणाला न घालता, सरळ तिला. आवाज कडक होता.

"बाई, तू आमनी कोन लागस?"

तिनं पत्रावळीवरून मान वर केली. तिला राग आला नव्हता. विचारलंय तर सांगायला हवं, एवढंच तिच्या तोंडावर होतं.

"झिपरूभाऊले उचलं," ती म्हणाली, "तवय माले कोनी इचारं नही, तू कोन लागस म्हनीन."

मी आबांकडे बघत होते. त्यांचा हात पत्रावळीवर होता तिथेच राहिला. तोंडावरचं सगळं करारीपण उतरून गेलं आणि ते एकदम म्हातारे दिसायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. ज्यांनी ज्यांनी दारं लावून घेतली होती ते सगळे त्या पंगतीत होते आणि आबाही होते. कुणाला कुणाकडे बघवेना.

मग आबा बोलले. माझ्याकडे बघून नाही. दाराकडे बघून.

"गजरा," ते म्हणाले, "मधमा ये. पहिले तिले वाढ. मंग आम्हले."

सासऱ्यानं सुनेचं नाव घेऊन तिला थेट हाक मारलेली आमच्या घरात मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. विधवेला देवीच्या पंगतीत वाढायला बोलावलेलं तर नाहीच नाही. जेठाणी उंबरा ओलांडून आत आली, त्या पोरीच्या हातातलं भांडं घेतलं आणि फुलीबाईपुढे वाकली. रोट वाढताना ती रडायला लागली. नवरा गेला तेव्हापासूनचं सगळं रडू एकदम आलं, नाक ओढत, हुंदके देत ती वाढत होती, थांबत नव्हती. फुलीबाईनं तिच्या मनगटाला हात लावला. भरल्या पंगतीत लावला, आणि कुणी मागे सरकलं नाही.

आबांनी घास घेतला. मग सगळ्यांनी घेतला. उठून गेलेल्या दोघांपैकी एकजण अंगणातून परत आला आणि न बोलता आपल्या जागी बसला. दुसरा नाही आला, आणि तो आजही फुलीबाईशी बोलत नाही, असू दे, त्याच्यावाचून काही अडलं नाही.

सोमवारी म्हसावदच्या बाजाराहून गाड्या डोंगराकडे गेल्या. पितांबर सकाळपासून पडवीत बसून होता. फुलीबाईनं कोपऱ्यातलं बोचकं सोडलं, झाडू हातात घेतला आणि त्याला म्हणाली, "ऊठ, माले झाडानं शे."